संयोगिताची हार

कुस्तीच्या निवड चाचणीच्या दिवशी शिवाजी पेठेतल्या त्या घरात सगळं नेहमीसारखंच चाललं होतं. संयोगिताची काकू वाटीत दही-साखर कालवत होती, चुलते आकारामतात्या गाडी पुसत होते आणि तिची आई हौसाबाई स्वयंपाकघराचं दार ओढून आत बसली होती. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, पण पोटची पोर कुस्तीला निघाली की विधवेनं समोर यायचं नाही, हा त्या घरचा कायदा. कुणी केला म्हणाल तर कुणालाच ठाऊक नाही. पाळायला मात्र सगळे हजर!

तीन महिन्यांपूर्वी तो एकदा मोडला. लेक बूट विसरली म्हणून हौसाबाई धावत उंबऱ्यापर्यंत आली आणि नेमकी त्या दिवशी संयोगिता शेवटच्या क्षणी हरली. झालं, तात्यांनी सगळं खापर भावजयीवर फोडलं. त्याहून वाईट म्हणजे तिला ते पटलं. मीच आडवी गेले म्हणत ती बाई दोन दिवस जेवली नाही.

तेव्हापासून पोरीच्या डोक्याला भुंगा लागला. मॅटवर उतरली की आत बसलेली आई आठवायची, दम लागायचा, पकड सुटायची. तालमीतल्या स्वप्नाली मॅडमनी हे हेरलं. त्यांनी तिला श्वास मोजायला शिकवलं, नजर समोरचीच्या खांद्यावर ठेवायला शिकवलं आणि हरल्यावर, रडून झालं की, नेमकं कुठं चुकलं ते स्वतःच्या तोंडानं सांगायला लावलं. "तुझी चूक तू सांगितली न्हाईस," त्या म्हणायच्या, "तर लोक ती दुसऱ्याच्या माथी मारतील."

आज काकूनं दही पुढं केलं तेव्हा संयोगितानं हात मागं घेतला आणि सरळ जाऊन स्वयंपाकघराचं दार उघडलं. आईच्या हातचं दही खाल्ल्याशिवाय पाऊल उचलणार नाही, असं तिनं बजावलं. हौसाबाई भेदरून नको नको म्हणू लागली. हरलीस तर तालीम बंद, असं तात्यांनी आवाज चढवून सांगितलं. पोरगी हलेना. शेवटी हौसाबाईनं तिला दही भरवलं.

आणि संयोगिता हरली. एका गुणानं.

संध्याकाळी ती घरात शिरली तेव्हा तात्या वाटच बघत होते. "सांगितलं हुतं की न्हाय?" एवढंच ते म्हणाले आणि भावजयीकडं बघितलं. हौसाबाई भिंतीला टेकून खाली बसली.

संयोगितानं चार लांब श्वास घेतले.

"तात्या, दुसऱ्या फेरीत मी एका गुणानं पुढं हुतो. येळ काढायला मागं सरकत गेलो आन् तिनं पायाला मिठी मारून माझा पट काढला. दोन गुण गेले. चूक माझी हाय. ह्यात आई कुठं हाय, दाखवा. काकूच्या हातचं दही खाऊन गेल्या साली दोनदा हरलो, तवा काकूला का न्हाय कोंडलासा?"

काकूनं मान खाली घातली. तालीम बंद म्हणजे बंद असं तात्या पुन्हा ओरडले. उद्या पहाटे पाचला तालमीत जाणार, असं संयोगितानं शांतपणे सांगितलं.

तेवढ्यात हौसाबाई उठली. नऊ वर्षांत ती दिरासमोर कधी ताठ उभी राहिली नव्हती.

"भावजी, तिच्या पुढच्या कुस्तीला मी येणार. पहिल्या रांगंत बसणार."

"आन् पुन्ना हरली तर?"

"हरली तर हरली. तिच्याजवळ तर असीन मी."