नाय तुळसी

तळहातावर चुरगळलेलं पान अजून ओलसरच होतं, आणि वास तुळशीचाच होता — जरा उग्र, पण तुळशीचाच — मग आत्याबाई नाय का म्हणाल्या?

सकाळी बांधावर रूपानं सासूला विचारलं होतं, "ही तुळस व्हय, आत्याबाई?" म्हाळसाबाईंनी पान खुडून, चोळून, आधी सुनेच्या नाकाशी धरलं. मेंढरांमागं वाढलेल्या बाईची ही शिकवायची तऱ्हाच होती, आधी वास, मग नाव. तरवड, पाथरी, आघाडा रूपा अशीच शिकली होती. "नाय तुळसी," त्या म्हणाल्या, आणि ओंजळभर पाला ओच्यात घालून चालू लागल्या.

नाय तर नाय. पण मग तोच पाला आता गॅसवर का उकळतोय… आणि तोही माझ्या सोनूच्या खोकल्यासाठी?

पुण्याहून सासरी, सीमेवरच्या मेहकरला येऊन रूपाला फार दिवस झाले नव्हते. नवरा, श्रीशैल, तिकडंच कामावर. फोन उचलत नव्हता. म्हाळसाबाईंचं माहेर आळंदकडचं, कन्नड बोलणारं. त्यांना भावाची लेक भाग्यलक्ष्मी सून म्हणून हवी होती, आणि आली मी, उदगीरची, कन्नडचा गंधही नसलेली. लग्नात त्यांनी माझ्याकडं धड पाहिलंसुद्धा नव्हतं — पण ते आजच आठवायचं काय कारण? नातवाचं वाईट कुठली आजी करेल? मन चिंती ते वैरी न चिंती, गप बस गं बाई जरा… पण नाय म्हणाल्या होत्या. ह्याच कानांनी ऐकलं.

काढा गाळून म्हाळसाबाईंनी पेला पुढं केला. "पाज पोराला."

रूपानं पेला स्वतःच्या तोंडाला लावला. मोठा घोट घेतला. जीभ पोळली.

"तू कामून प्यायलीस?"

"गरम हाय का बघितलं."

तेवढ्यात गल्लीतलं कुत्रं उंबरा ओलांडून आत शिरलं आणि म्हाळसाबाई उलथनं उगारून ओरडल्या, "हाड! नायी बंतु, सोनू, नायी! सरक तिकडं!"

"कुत्रं! कुत्रं!" सोनू खोकत खोकत हसला.

नायी म्हणजे कुत्रं. नायी-तुळसी… कुत्रेतुळस, रानात आपसूक उगवणारी. माहेरच्या बोलीतलं नाव सांगितलं होतं बिचारीनं, आणि मी… अगं आई गं! रूपाला हसू यायला हवं होतं. आलं नाही. लाज मात्र वाटली, अंगभर.

कुत्रं हाकलून म्हाळसाबाई वळल्या. आधी उष्ट्या पेल्याकडं बघितलं, मग सुनेकडं. पेला उचलून त्यांनीही एक घोट घेतला — सावकाश, नजर न काढता — आणि सोनूला मांडीवर घेऊन उरलेला पाजला.

त्यांना कळलं? की गरम हाय का तेच बघितलं त्यांनीही?… काढ्याची भीती आता राहिली नव्हती. उद्या त्या पान चोळून पुन्हा माझ्या नाकाशी धरतील का, एवढं विचारायचं होतं. रूपानं गाळणीतलं एक उकळलेलं पान उचललं, चोळलं आणि स्वतःच नाकाशी धरलं.