पुष्पाबाईंकडून एक नारळ

दोन हजार तीन साली सावरवाडीच्या खंडोबाच्या जत्रेत फुटबॉलची फायनल लागली होती आणि पुष्पाला चहाच्या पातेल्यापाशी उभं केलं होतं. आता सांगा, ज्या बाईनं अख्ख्या गावाला फुटबॉल शिकवला तिनं आलं किसायचं, आणि ज्याला ऑफसाइड कशाशी खातात हे ठाऊक नाही त्यानं गळ्यात शिट्टी अडकवून मैदानाच्या कडेला मिरवायचं. पुष्पाच्या हातात गाळणी होती, पण डोळे मैदानावर होते. चहा दोनदा उतू गेला.

शिनोलीची पोरं एका गोलनं पुढं होती. सावरवाडीचे दोन्ही बॅक पार मधल्या रेषेपर्यंत चढले होते आणि मागं सगळं रान मोकळं पडलं होतं.

"दत्ता, मागं हो," पुष्पा पुटपुटली. दत्ता होता दोनशे फुटांवर, त्याला काय ऐकू जाणार. आणि कडेला उभा असलेला शिट्टीवाला रोहिदास उलट हात हलवून ओरडत होता, "समदी पुढं जा रं, समदी पुढं."

"पुष्पे," शेजारी बसलेली तिची सासू सरुबाई म्हणाली, "आलं कवाच संपलं. आता बोट किसशील."

कुस्ती-कबड्डीच्या या मुलखात फुटबॉल आला तोच मुळी पुष्पाच्या रुखवतातून. मेंढरांमागं पळून पायांत बळ आलेली ही पोर ओतूरच्या कॉलेजात शिकली आणि थेट विद्यापीठाच्या संघातून खेळली. लग्नात तिनं रुखवतात पापड-कुरडयांच्या शेजारी एक काळा-पांढरा चेंडू मांडला होता. वऱ्हाडी हसून हसून बेजार झाले. सरुबाई तेवढी हसली नाही. तिनं विचारलं, "हे खात्यात का खेळत्यात?" आणि खेळतात म्हटल्यावर म्हणाली, "मग खेळ की."

नवरा म्हस्कू दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा, आणि मेंढरं बसायची तो माळ मोकळा पडायचा. त्या माळावर पुष्पानं आधी पोरांना आणि मग पोरींना सात वर्षं शिकवलं. तिसऱ्या वर्षी पोरांनी जुन्नरहून कप आणला, तेव्हा सुदर्शनशेठना फुटबॉल दिसला. शेठ टोमॅटोचे व्यापारी, दारात दोन ट्रक. त्यांनी क्लब काढला, फलक लावला, शिक्का बनवला आणि स्वतः कार्याध्यक्ष झाले. खोटं कशाला बोला, माणसानं जाळ्या आणल्या, चेंडू आणले, बूटही आणले. पण बूट आले ते पोरांना. पोरी अनवाणीच खेळत राहिल्या.

क्लबच्या कागदावर आपलं नाव काय म्हणून लिहिलंय, हे पुष्पाला कळायला चार वर्षं लागली. महिन्यामागं पुण्याहून पत्र आलं की क्लबच्या प्रशिक्षकाला शिबिराला पाठवा. पुष्पानं पिशवी भरली. गेला मात्र रोहिदास, शेठचा भाचा. कागदावर प्रशिक्षक तोच होता, आणि पुष्पाच्या नावापुढं 'चहापाणी' लिहिलं होतं.

तेवढ्यावर भागलं नव्हतं. काल दुपारी देवळाच्या ओसरीवर मीटिंग झाली. शेठ म्हणाले, "उद्या फायनल झाली की कोचचा फेटा रोहिदासला बांदायचा. सर्टिफिकेट त्याच्याकडं हाय. बाईमाणूस शिट्टी वाजवतं, बाहेरगावची पावणी हसत्यात आपल्याला. आन् पोरींचा संघ औंदापासून बंद. पुष्पाबाई, तुमी चहाचं बगा. तुमच्या हाताला चव हाय."

"शेठ, हाताला चव हाय म्हणून पायातला खेळ गेला का माझ्या?" पुष्पानं विचारलं.

शेठ हसले आणि मंडपाच्या विषयावर गेले. बाकीचे आपापल्या पायाची बोटं बघत बसले. सावरवाडीत देवासमोर एकदा फेटा बांधला की पुढच्या जत्रेपर्यंत तो मान कुणी काढून घेत नाही. म्हणजे आज संध्याकाळी रोहिदासच्या डोक्याला फेटा लागला की पुष्पाचा माळ गेला, पोरींचा खेळ गेला. राहिलं काय, तर पातेलं.

तिकडं माइकवर गेणभाऊ रंगात आला होता. गेणभाऊ जत्रेचा पुकारणारा, तीस वर्षं एकच आवाज. जत्रेतली रीत अशी की कुणीही खेळाडूंसाठी नारळ द्यावा, सोबत चिठ्ठी द्यावी, आणि गेणभाऊनं ती भोंग्यावरून वाचावी. "संपत मिस्तरी यांच्याकडून खेळाडूंना एक नारळ. निरोप, पोरांनो, जरा दम धरून खेळा." असं दिवसभर चालायचं. टेबलापुढं नारळांचा ढीग लागायचा.

गेल्या साली त्यातच घोटाळा झाला होता. सगळ्या चिठ्ठ्या वाचून झाल्या आणि शेठची एकटी राहिली. ती बशीखाली चिकटली होती. शेठचा असा काही पारा चढला की त्यांनी गेणभाऊला देवळात नेलं आणि भंडारा उचलायला लावला, की यापुढं नारळासोबत आलेली प्रत्येक चिठ्ठी, आहे तशी, अक्षर न गाळता वाचीन. म्हाताऱ्यानं डोळ्यांत पाणी आणून भंडारा उचलला होता. गाव ते विसरलं नव्हतं.

"पुष्पे," सरुबाई म्हणाली, "गेणभाऊ समद्यांची चिठ्ठी वाचतो न्हवं?"

"वाचतो की."

"मग आपल्या नारळानं कुणाचं घोडं मारलंय?"

पुष्पानं सासूकडं बघितलं. म्हातारी कप विसळत होती, जसं काही बोललीच नाही.

"मॅडम, मी लिहिते," मागून प्राची म्हणाली. प्राची पोरींच्या संघाची कॅप्टन, दहावीची परीक्षा नुकतीच दिलेली, आणि सुदर्शनशेठची सख्खी लेक. संघातल्या सगळ्या पोरींना आज चहा वाटायला लावलं होतं, तिलाही. तिनं परकराच्या खिशातून पेन काढलंसुद्धा.

"तुज्या बापाला कळलं तर?"

"कळू दे."

भीती वाटत होती, आणि भीतीच्या वर राग होता, आणि त्या दोन्हींच्या वर एक वेडी उकळी होती, पेनल्टी मारायच्या आधी यायची तशी. तिनं एकेक वाक्य सांगितलं. प्राचीनं चहाच्या पुड्याचा कागद फाडून लिहिलं. रेफ्रीची हाफटाइमची शिट्टी झाली तेव्हा पुष्पा पदर खोचून, एका हातात गाळणी तशीच आणि दुसऱ्या हातात नारळ घेऊन, सगळ्या मंडपादेखत टेबलाकडं चालत गेली.

गेणभाऊनं चिठ्ठी घेतली आणि नेहमीच्या ठेक्यात सुरू केलं.

"पुष्पाबाई म्हस्कू, सावरवाडी, यांच्याकडून दोन्ही संघांना एक नारळ. निरोप असा की, या पोरांना सात वर्षं मी शिकवलं." इथं त्याचा आवाज जरा मंदावला. पण थांबायची सोय नव्हती. "क्लबच्या कागदावर माझं नाव चहापाणी म्हणून आहे. पोरींचा संघ बंद करायचं ठरलंय. का, ते कार्याध्यक्षांनी चार लोकांत सांगावं."

भोंगा दोन मैलांवर ऐकू जायचा. पाळणेवाल्यानं पाळणा थांबवला. भेळवाल्याचा हात चुरमुऱ्यात तसाच राहिला. मग बायकांच्या बाजूनं एक टाळी झाली, आणि बघता बघता सगळा माळ उठला.

पुढचं आवरणं कुणाच्या हातात नव्हतं. नारळवाल्यापुढं बायकांची झुंबड लागली. प्राची पातेल्यावर कागद ठेवून लिहीत होती, मुंबईला तार करावी तशा घाईनं.

"ठमाबाई यांच्याकडून एक नारळ. निरोप, पोरांना बूट आले आणि पोरींच्या वाट्याला 'पुढच्या वर्षी बगू' एवढंच आलं. ते पुढचं वर्ष चार वर्षं झाली तरी येईना. माझ्या लेकीच्या पायाला जखम हाय, ती येऊन बगा."

"दत्ता, संघाचा बॅक, यांच्याकडून एक नारळ. निरोप, पुण्याच्या शिबिरात काय शिकवलं ते रोहिदासभाऊंनी आमाला सांगितलं न्हाई. आठ दिवसांचं शिबिर व्हतं, ते तिसऱ्या दिवशी घरी आले व्हते."

हशा असा उसळला की मंडपाची कनात हलली. रोहिदासनं गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली आणि लघवीला जातो म्हणून उसाच्या फडाकडं जो गेला तो गेलाच. पुष्पाला हसू आलं आणि रडूही आलं. सात वर्षं ती एकटीच आहे असं तिला वाटत होतं.

आणि मग सुदर्शनशेठ उठले. पांढरा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. टेबलापाशी येऊन म्हणाले, "गेणू, बंद कर हा तमाशा."

"शेठ," गेणभाऊ माइकवरच म्हणाला, "भंडारा तुमीच उचलायला लावला."

"आरं, चार रिकामटेकड्या बायका काय बी लिवतील."

शेठनी त्याच्या हातातली पुढची चिठ्ठी ओढून घेतली. दोन्ही हातांनी धरली, फाडायला. आणि हात तिथंच राहिले. पुष्पा चार पावलांवर उभी होती. तिनं त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग बदलताना बघितला. ते गोल, टपोरं अक्षर शेठनी गावात कितीदा दाखवलं असेल, माझ्या लेकीचं अक्षर बघा, छापल्यागत. त्यांनी चहाच्या पातेल्याकडं मान वळवली. प्राची पेन हातात धरून उभी होती. तिनं मान खाली घातली नाही.

शेठनी चिठ्ठी वाचली. मग परत वाचली. गेणभाऊनं ती त्यांच्या बोटांतून हळूच काढून घेतली, कारण त्याला वाचणं भाग होतं.

"साळुबाई, शेठच्या मातोश्री, यांच्याकडून एक नारळ. निरोप, सुदर्शन, मी रोज कडुनिंबाखाली बसून पोरीचा खेळ बगते. तिला कोण शिकवतं ते मला दिसतं. माझं वय ऐंशी हाय. तुला तर माझ्यापेक्षा चांगलं दिसत असंल."

कुणी हसलं नाही. बायकांच्या बाजूला साळुबाई बोटानं मिश्री लावत बसली होती, लेकाकडं बघत. तिच्या बघण्यात राग नव्हता, आणि तेच शेठना सोसलं नसावं. ते खुर्चीवर टेकले.

तेवढ्यात रेफ्री घड्याळ बघत आला. जुन्नरचा माणूस, त्याला गावच्या भानगडीशी देणंघेणं नव्हतं. "अहो, दुसरा हाफ सुरू करायचाय. तुमचा कोच कुठं गेला? बाकावर कोण बसणार, मला कागदावर नाव पाहिजे."

शेठ जमिनीकडं बघत काहीतरी बोलले.

"काय म्हणालात?" रेफ्री म्हणाला.

"पुष्पाबाई," शेठ पुटपुटले. "पुष्पाबाईंचं नाव लिवा."

रेफ्रीनं लिहिलं. पण गेणभाऊ माइकवर हात ठेवून तसाच बसला. शेठनी त्याच्याकडं बघितलं. "पुकार की."

"कसं पुकारू, शेठ? नारळ न्हाई, चिठ्ठी न्हाई. मी भंडारा उचललाय राव, माज्या मनचं मला बोलता येत न्हाई."

सुदर्शनशेठ उठले. सगळ्या जत्रेदेखत, बायकांच्या रांगेत, सगळ्यांच्या शेवटी जाऊन उभे राहिले. कुणी वाट दिली नाही. नंबर आला तेव्हा नारळ घेतला, आणि चिठ्ठीसाठी कागद मागायला लेकीपुढं गेले. प्राचीनं पुड्याचा एक तुकडा फाडून दिला आणि स्वतःचं पेन दिलं. लिहून मात्र दिलं नाही.

"कार्याध्यक्ष सुदर्शनशेठ यांच्याकडून," गेणभाऊचा आवाज आता नुसता फुलला होता, "खेळाडूंना एक नारळ. निरोप असा की, क्लबच्या प्रशिक्षक पुष्पाबाई. आजचा फेटा त्यांचा. पोरींचा संघ चालू राहील आणि..." इथं त्यानं चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, कारण शेठचं अक्षर काही छापल्यागत नव्हतं, "आणि चुकलो."

माळावर जो गलका झाला त्यातलं पुष्पाला काहीच ऐकू आलं नाही. दुसरा हाफ सुरू झाला होता, शिनोलीचा फॉरवर्ड चेंडू घेऊन निघाला होता आणि मागं सगळं रान मोकळं होतं. गाळणी अजून तिच्या हातात होती. तीच उंच धरून ती रेषेवरनं धावत सुटली होती आणि जिवाच्या आकांतानं ओरडत होती, "दत्ता, मागं हो, मागं हो."

आणि दत्ता मागं झाला.