घारीच्या नावावर

ड्रोन घारीनं पाडला, असं विजयकुमारनं सात वर्षांपूर्वी साखरा गावातल्या एका लग्नात सांगितलं आणि गावानं ते मानलं. मानणारच! सेनगावात मोबाईल दुरुस्तीचं दुकान, हौसेनं घरीच ड्रोन जोडणारा शिकलासवरलेला माणूस, तो कशाला खोटं बोलेल? बिचाऱ्या घारींनी मात्र पोरांचे दगड खाल्ले. ड्रोनच्या पंख्याचं तुटलेलं पातं त्याच्या सख्ख्या पुतणीच्या, बारा वर्षांच्या आकांक्षाच्या डाव्या डोळ्यात घुसलं. डोळा गेला तो गेलाच.

खरं काय ते एकट्या विजयकुमारला ठाऊक होतं. एक पंखा आधीच तडकला होता. नवा मागवायचा सोडून गड्यानं तो गोंदानं जोडला, पॉलिश पेपर मारून गुळगुळीत केला, आणि वर गेल्यावर तो बारीक शीळ घालतोय हे ऐकूनही उडवत राहिला. वरात दारात आली होती ना!

त्या दिवसापासून ड्रोनच्या नावानं त्यानं कानाला खडा लावला, पण शीळ काही त्याला सोडेना. मिक्सर लावला की शीळ, कूलर लावला की शीळ. सोयाबीनच्या मळणीयंत्राजवळ तर त्याच्यानं उभंच राहवत नसे. बायको, शिला, म्हणायची, कान तरी दाखवून या. कान दाखवून काय होणार होतं, कप्पाळ!

आणि गेल्या रविवारी आकांक्षाच दारात उभी. कॉलेजात ती ड्रोन बनवायला शिकली होती. आपला ड्रोन तिनं ओसरीवर ठेवला, शेजारी आठ पंखे मांडले आणि म्हणाली, "काका, यातले भरवशाचे चार निवडून द्या."

हात कसब विसरत नाहीत. एकेक पातं त्यानं उजेडात धरलं, हलकंच वाकवून सोडलं, पंखा सुईवर तोलून पाहिला. मग बाजारात माठ घेताना वाजवतात तसा कानाशी नेऊन नखानं वाजवला. सहावा बद्द वाजला. काळाभोर, गुळगुळीत, कुठं रेघ नाही. वजन कमी-जास्त आहे म्हणून बाजूला टाकता आला असता. पण तोंडून निघून गेलं, "हा जोडलेला हाय."

"व्हय. मीच जोडला." आकांक्षाचा आवाज चढला नाही. "माझ्या डोळ्यातून काढलेला तुकडा आईनं जपून ठेवलाय. त्याच्या काठाला गोंद हाय, काका. मला बघायचं होतं, जोड दिसतो का. एका डोळ्यानं न्हाई दिसत. तुमाला दोन हायत. त्या दिवशी दिसला होता का?"

घार, वारा, नशीब, सगळं जिभेवर येऊन गेलं. शिला चहा घेऊन उंबऱ्यात थांबली होती.

"दिसायची गरजच नव्हती," तो म्हणाला. "मीच जोडला होता, पोरी."

ती रडली नाही, भांडलीही नाही. त्यानं निवडलेले चार पंखे बसवून तिनं ड्रोन अंगणात वर नेला.

"हे चार भरवशाचे हायत ना?"

"हायत."

"मग या, खाली उभे राहा."

तो जाऊन उभा राहिला. ड्रोन तिनं बरोबर त्याच्या डोक्यावर आणून थांबवला.

"वर बघा, काका."

त्यानं वर पाहिलं. डोळे मिटून घ्यावेत असं फार वाटत होतं, पण तिच्यासमोर ते मिटायची त्याला लाज वाटली.