डॉलर पाहिला, टका राहिला

किसनराव साठाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकले आणि तेव्हापासून वरूडच्या त्या गल्लीत कोणाला सुख राहिलं नाही. सकाळी ओट्यावर बसून ते पेपर मोठ्यानं वाचत, जाहिरातींसकट. यंदा त्यांना डॉलरचा नाद लागला. चौकटीतल्या आकड्यावर बोट ठेवायचं आणि दिसेल त्याला सांगायचं, "रुपया पडला का आपला माल तिकडच्याले सस्ता पडते. तो जास्त घेते. देशाची निर्यात वाढते. समजलं काय?"

समोरचा कुलदीप तर त्यांना पाहून स्कूटरचा वेग वाढवायचा.

नवरात्रात अकोल्याच्या जुन्या शहरातले अन्सारसेठ संत्र्याचा बगीचा पाहायला आले. दरवर्षी झाडावरचा माल ते उक्ता घेत. तोडणी त्यांची, ट्रक त्यांचा, संत्रा जाई बांगलादेशात. एक चक्कर मारून ते म्हणाले, "चाचा, नऊ लाख."

"बारा. डॉलर कुठं पोचला, वाचता का नाही?"

"डॉलर ठीक आहे चाचा, पण आपला माल..."

"मले नका शिकवू, सेठ. मी रोज वाचून राहिलो."

अन्सारसेठांनी चहा संपवला, सलाम केला आणि निघून गेले.

"अवो, तो काहीतरी सांगत होता," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "ऐकून तं घ्या."

"तुले अक्षर येत नाही, तू चूप राय."

हे वाक्य किसनरावांनी जन्मभर दुसऱ्यांकडून ऐकलं होतं. स्वतः म्हणायची संधी आता कुठं मिळाली होती, ती त्यांनी सोडली नाही.

डॉलर चढत गेला. किसनरावांचा आवाजही चढला. मधे फवारणीचं औषध महागलं. "बाहेरून येते काका, डॉलर वाढला ना," दुकानदार म्हणाला. किसनरावांनी जास्तीचे पैसे मोजले आणि वरून त्यालाच आयात म्हणजे काय ते समजावून सांगितलं.

दिवाळी झाली आणि संत्र्याची गळ सुरू झाली. झाडांखाली पिवळा सडा पडू लागला. दुसऱ्या व्यापाऱ्यांचे सौदे कधीच झाले होते. चौथ्या दिवशी किसनरावांनी मान खाली घालून अकोल्याला फोन लावला.

अन्सारसेठ आले, पाय जपून टाकत बगीचा फिरले. "पाच."

"पाच? अहो, डॉलर..."

"चाचा, ढाक्याचा माणूस डॉलर घेऊन बाजारात जाते काय? त्याच्या खिशात टका असते. आपला रुपया दोन पायऱ्या उतरला, त्याचा टका चार उतरला. त्याले आपला संत्रा महागच पडून राहिला. नवरात्रात हेच सांगत होतो."

किसनरावांनी पाचला मान डोलावली. ट्रक निघून गेल्यावर ते गळलेले संत्रे निवडायला बायकोजवळ बसले.

"औषध बाहेरून आलं ते महाग, संत्रा बाहेर गेला तो सस्ता," ते म्हणाले. "देशाच्या व्यापारात तोटा कसा येते, ते आपण घरीच करून पाहिलं."

"मंग आता पेपरात नाव येईन काय तुमचं?" रुख्मिणीबाईंनी एक सडका संत्रा बाजूला फेकत विचारलं.

"माहं कशाले? अक्षर न शिकलेल्या बाईनं ऐका म्हटलं होतं, तिचं यायले पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी किसनराव पेपर घेऊन ओट्यावर बसले. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत टका शोधला, कुठंच सापडला नाही. पण शोधला मनातल्या मनात, ओठ मिटून.

कुलदीपनं पहिल्यांदाच स्कूटर थांबवली.

"काका, तब्येत बरी आहे ना?"