चौथऱ्यावरची सुपारी

मित्रांनो, मी एक जुना चौथरा आहे. दगडी नव्हे हं! दाबलेल्या भुशाच्या फळ्यांचा, आतून पोकळ, बाहेरून पांढरा. प्रदर्शनात शिल्पं ज्यावर मांडतात ना, तोच मी. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनच्या रोटोटुना भागातल्या एका शाळेत माझा मुक्काम असतो. इथे मला सगळे प्लिंथ म्हणतात. आज जे सांगणार आहे, ते सांगताना मान खाली घालावीशी वाटते. पण मला मानच नाही!

माझा जन्म शाळेच्याच सुतारकामाच्या वर्गात झाला. माझ्या डोक्यावर पहिल्यांदा बसला तो प्लास्टरचा एक देखणा ग्रीक चेहरा. काय रुबाब होता तेव्हा माझा! मग कलेच्या मिस पराता युरोपातली आधुनिक कला शिकवायला लागल्या, आणि माझ्या डोक्यावर वाट्टेल ते येऊ लागलं. एका वर्षी दोन्ही डोळे एकाच गालावर असलेला चेहरा आला. मिस म्हणाल्या, "एकाच वेळी समोरूनही बघायचं आणि बाजूनेही." पुढे चेहराच गेला, नुसते गोळे आणि त्रिकोण उरले. मग एका मुलाने पायातली जँडल, म्हणजे इथली रबरी चप्पल, काढून माझ्यावर ठेवली. म्हणे हीच कला! युरोपात शंभर वर्षांपूर्वीच कुणीतरी दुकानातली वस्तू उचलून तशीच मांडली होती. त्यानंतरच्यांनी तर जुन्या थोरांच्या नकला करून त्यांचीच थट्टा केली. मला मेलं काही कळेना. जँडलचा वास मात्र बरेच दिवस गेला नाही.

यंदा माझ्या वाट्याला ओवी आली. शेवटच्या वर्षाची, पुण्याच्या आईबाबांची, बोलायला लागली की धबधबा! तिने ठरवलं, माझ्यावर काहीच ठेवायचं नाही. वरून चार दिवे आणि खाली नुसता मी. रोज माझ्यासमोर उभी राहून ती इंग्रजीत भाषण घोकायची, "आधी हुबेहूबपणा गेला, मग आकार गेला, आता वस्तूही गेली. उरला फक्त प्रश्न." परीक्षकांना काम आवडलं तर ते थेट वेलिंग्टनच्या प्रदर्शनात जाणार होतं. ओवीला दुसरं काही सुचत नव्हतं.

प्रदर्शनाच्या दुपारी तिची सुशीलाआजी आली. सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेली. सुती साडी, वर मुलाचं जाडजूड जॅकेट. ओवी दाराशी मैत्रिणींच्या घोळक्यात होती. आजी माझ्यासमोर थबकली.

"अगं बाई, हा आमच्या ओवीचा चौरंग! आणि रिकामाच? मांडलेला चौरंग असा ठेवू नये गं."

तिने पर्समधून एक पुरचुंडी काढली. चार अक्षता टाकल्या, त्यावर सुपारी ठेवली आणि हात जोडले. "हं! आता कसा गणपती बसला."

मित्रांनो, मला शहारा आला. सुपारी तीच, मघाशी पर्समध्ये किल्ल्यांशेजारी पडलेली. मांडली आणि देव झाली! जँडलच्या वेळी जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते एका क्षणात लख्ख दिसलं.

"ओवी! तुझ्या कामावर कुणीतरी काहीतरी ठेवलंय!" एक मैत्रीण किंचाळली. सगळ्या खिदळल्या. मिस पराता परीक्षकांना घेऊन लगबगीने आल्या.

"हू इज शी, ओवी? युअर नॅना?" इथे आजीला नॅना म्हणतात.

ओवीने मैत्रिणींकडे पाहिलं, परीक्षकांकडे पाहिलं. आजीकडे मात्र पाहिलं नाही.

"नो, मिस. आय डोन्ट नो हर."

आजीचं इंग्रजी बेताचंच. पण एवढं कळायला इंग्रजी लागत नाही. तिने सुपारी हलकेच हलवली, "पुनरागमनाय च" असं पुटपुटली आणि एकेक करून अक्षता वेचून सुपारीसकट पुरचुंडीत बांधल्या. "सॉरी हं, सॉरी," असं सगळ्यांना म्हणत ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. बोचरा वारा सुटला होता. काचेतून मला तिची पाठ दिसत होती.

ओवीचं भाषण झकास झालं. टाळ्या पडल्या, निवड झाली, माझ्या कडेला लाल रिबन लागली. "स्वीट ऍज!" मैत्रिणी ओरडल्या, म्हणजे आपलं 'एकदम भारी!' लोक माझे फोटो काढत होते आणि मला वाटत होतं, जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. ज्या माउलीने माझ्यावर देव बसवला ती बाहेर थंडीत, आणि मी इथे दिव्यांखाली मिरवतोय!

ओवीही हसत नव्हती. एकाएकी ती बाहेर धावली आणि आजीचा हात धरून तिला आत घेऊन आली.

"मिस, धिस इज माय आजी. आय लाइड," ती सगळ्यांदेखत म्हणाली. मग आजीकडे वळून मराठीत म्हणाली, "आजी, ठेव ना परत. प्लीज. रिबन गेली तरी चालेल."

आजीने तिचे डोळे पुसले. "सांगितलंस, बरं केलंस. पण गणपती हलवला गं बाळा. लगेच परत नाही मांडत."

"मग कधी?"

"बघू," आजी म्हणाली. "चल, तुझी आई न्यायला आली असेल, गाडीत खोळंबली असेल."

मित्रांनो, माझे पोपडे उडाले तर रंगाचा एक हात पुरतो. माणसाचं तसं नाही. तुमच्या घरचं कुणी चारचौघांत भलतंच काही करेल, तुमच्या मैत्रिणी हसतील, तेव्हा पटकन म्हणा, "ही माझी आजी." ओवीने उशिरा का होईना म्हटलं. तरी दोघी दारातून गेल्या तेव्हा आजीचे दोन्ही हात पर्सवर होते, आणि ओवी तिच्या मागून चालत होती.