घडी उलगडू नये

विद्यापीठाच्या ग्रंथालयात तळमजल्याच्या टोकाला सरकारी कागदांची खोली होती. जनगणनेचे खंड, चौकशी समित्यांचे अहवाल, रस्त्यांचे आणि कालव्यांचे आराखडे. सरकारनं छापायचं, एक प्रत इथं पाठवायची आणि कुणाही नागरिकानं येऊन ती मागावी, अशी जुनी रीत. कुणी फारसं मागायचं नाही, हा भाग वेगळा. पण मागितलंच तर मिळालं पाहिजे, एवढ्या एका गोष्टीवर ताईंनी सगळी नोकरी काढली होती.

ताई या खोलीच्या ग्रंथपाल. त्यांची सख्खी धाकटी बहीण वरच्या मजल्यावर संगणक विभागात होती. ती 'ताई' म्हणायची म्हणून सगळं ग्रंथालय म्हणायला लागलं, वयानं मोठे असलेले मुख्य ग्रंथपाल साहेबसुद्धा.

तशा ताई मायाळू. पण नकाशांच्या बाबतीत अगदी खाष्ट सासू. जुन्या अहवालांच्या शेवटी घड्या घालून चिकटवलेले मोठाले नकाशे असतात. कागद म्हातारा झाला की घडीवर वाळक्या पानासारखा मोडतो. ताई नोकरीत नव्या असताना एका प्राध्यापकानं घाईघाईत असाच एक नकाशा ओढला आणि दोन तुकडे दोन हातांत घेऊन 'सॉरी' म्हणाला. त्यानंतर ताईंनी बसून एकेका नकाशाच्या उघड्या कडेवर कागदी पट्टी चिकटवली आणि प्रत्येक पट्टीवर ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'घडी उलगडू नये. ग्रंथपालांना विचारावे.' कुणी विचारलं तर त्या स्वतः पट्टी सोडवायच्या, मोठ्या टेबलावर नकाशा सावकाश पसरायच्या आणि वाचक गेला की नवी पट्टी लावायच्या. त्यानंतर त्या खोलीत एकही नकाशा फाटला नाही.

मग सरकारनं छापणंच बंद केलं. नवं सगळं संकेतस्थळावर येऊ लागलं आणि जुन्याचं स्कॅनिंग करून मूळ खंड रद्दीत द्यायचे ठरले. खोलीत विद्यार्थ्यांसाठी संगणक बसणार होते. लोकांना वाटलं, ताई आता आकाशपाताळ एक करतील. पण त्यांना उलट हायसं वाटलं. घरबसल्या कुणालाही कागद दिसणार असेल तर त्यांना आणखी काय हवं होतं? शिवाय स्कॅनिंगचं काम धाकटीकडे होतं. पहिल्या दिवशी तिच्या हाताखालच्या माणसांना ताईंनी एकच सांगितलं, "पट्टीवर लिहिलंय तसं वागा."

पहिला गठ्ठा तयार झाला तेव्हा ताईंनी डोळ्यांत तेल घालून तपासला. पुस्तकातलं पान आणि पडद्यावरचं पान, जोडीनं, एकही न गाळता. सगळी पानं जुळली. ताईंनी 'तपासले' असं लिहून सही केली आणि ते खंड लगद्याच्या कारखान्यात गेले. दुसरा गठ्ठा भरून ट्रकची वाट पाहत होता, तेव्हा ती परिचारिका आली.

ती जवळच्या रुग्णालयात कामाला होती आणि पाळी संपवून तशीच आली होती.

"नदी वळवली ना, तेव्हा आमच्या सासूबाईंची वस्ती उठली," ती म्हणाली. "त्यावर म्हणे समिती बसली होती आणि तिच्या अहवालात वस्तीचा नकाशा आहे, घर न् घर दाखवलेला. सासूबाईंची नजर आता गेल्यात जमा आहे. मोठं करून दाखवलं तर दिसतं थोडंफार. एकदा घर बघायचंय म्हणतात."

"मग तुम्ही अगदी योग्य वेळी आलात," ताई म्हणाल्या. "कागदावर असता तर भिंग लावावं लागलं असतं. आता पाहिजे तेवढं मोठं करा."

त्यांनी कौतुकानं अहवाल उघडला आणि शेवटच्या पानावर आल्या. पडद्यावर पिवळट कागदाचा एक चौकोन होता. घडी घातलेला. कडेला पट्टी आणि पट्टीवर ताईंचं अक्षर.

ताईंनी पुढचं पान काढलं. पुढे मागचं पुठ्ठ्याचं कव्हर होतं. पुन्हा मागे आल्या. तोच चौकोन.

"हा बंद आहे का?" परिचारिकेनं विचारलं.

तो खंड पहिल्याच गठ्ठ्यात लगद्याला गेला होता. हेच पान त्यांनी तपासलं होतं. पुस्तकात घडी, पडद्यावर घडी, जुळलं, पुढचं पान. तीस वर्षं नकाशे मिटलेले बघून नजरेला ती सवय इतकी झाली होती, की मिटलेला नकाशा त्यांना नकाशाच वाटला.

"जरा दोन दिवस द्या मला," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या ग्रंथालयांत प्रती असतात."

परिचारिका गेल्यावर त्या फोन घेऊन बसल्या. ज्या ज्या ग्रंथालयात तो अहवाल गेला होता तिथं तिथं विचारलं. कुठे कधीच पोचला नव्हता, कुठे वाळवीनं खाल्ला होता. शेवटच्या ठिकाणी मात्र उत्तर देणारा माणूस मोठ्या आदरानं बोलला. "आमच्याकडे होता, ताई. पण तुमच्याकडे स्कॅन झाला, वर तुमची सही. म्हटलं, ताईंनी तपासलंय म्हणजे आता बघायलाच नको. काढून टाकला."

ताई जिना चढून धाकटीकडे गेल्या आणि काय झालं ते सांगितलं. धाकटीचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला.

"पट्टीवर लिहिलंय तसं वागा, असं कोण म्हणालं होतं?"

"मीच."

"मग माझ्या माणसांनी काय चुकीचं केलं? तुझ्या नकाशाला हात लावायची छाती आहे का कुणाची इथं? मी लहानपणी तुझ्या कपाटाला हात लावला तर तू दोन दिवस अबोला धरायचीस."

"तुला कुठे बोल लावतेय मी? कुंपणानंच शेत खाल्लं. कुंपण मी घातलं होतं."

धाकटी खुर्चीत बसली. काम पुरं झाल्याचा अहवाल तिनं सकाळीच वर पाठवला होता. "ताई, नोंदीत 'मूळ प्रतीत नकाशा नव्हता' असं लिहिलं तर? गेलेलं काही परत येणार नाहीये. कुणाला कळणार आहे?"

"त्या बाईंना कळेल. त्यांच्या सासूबाई त्या नकाशातल्या घरात राहिल्यात."

ताईंनी तिच्याच संगणकावर नोंद उघडली आणि लिहिलं, 'नकाशा मिटलेल्या स्थितीत स्कॅन झाला. मूळ प्रत नष्ट. तपासणीतील चूक.' खाली स्वतःचं नाव घातलं. पहिल्या गठ्ठ्यातल्या ज्या ज्या अहवालाला नकाशा होता, त्या प्रत्येकाला हेच लिहावं लागलं. लिहिताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलं नाही.

मग त्या मुख्य ग्रंथपाल साहेबांकडे गेल्या. साहेब शांतपणे ऐकून घेणारे होते. त्याचा त्रास जास्त झाला. "ट्रक उद्या संध्याकाळी येणार, ताई. खोली दिलेली आहे, ते माझ्या हातात नाही. तोवर दुसऱ्या गठ्ठ्यातले नकाशे जेवढे होतील तेवढे करून घ्या."

नकाशा नीट उलगडायचा तर तो आधी दमट हवेत ठेवावा लागतो, कागद मऊ होऊ द्यावा लागतो. ती रीत ताईंनीच सगळ्यांना शिकवली होती. तेवढा वेळ आता नव्हता. सकाळी मोठ्या टेबलावर धाकटीनं कॅमेरा मांडला आणि ताईंनी पातं घेऊन पहिली पट्टी कापली. पातं बरोबर त्यांच्या अक्षरांमधून गेलं.

पहिला नकाशा कसाबसा पसरला. दुसऱ्याची तिसरी घडी उघडताना कागद मोडला आणि भेग थेट मधल्या गावापर्यंत गेली. धाकटीचे हात जागच्या जागी थांबले. तिनं बहिणीकडे पाहिलं.

"फाटू दे," ताई म्हणाल्या. "तुकडे जवळ सरकव आणि फोटो घे."

दिवसभर त्या फाडत गेल्या. फाडत गेल्या असंच म्हणायला हवं. बाहेर ट्रक येऊन उभा राहिला तरी टेबल रिकामं झालं नव्हतं. धाकटी बाहेर जाऊन ट्रकवाल्याशी गोड बोलून थोडा वेळ मागून आली. शेवटच्या नकाशाचा फोटो निघाला तेव्हा जमिनीवर पिवळा भुगा आणि कापलेल्या पट्ट्या पडल्या होत्या. त्या ताईंनी स्वतः झाडून काढल्या.

ठरल्या दिवशी परिचारिका आली, ती सासूबाईंना घेऊनच. दारातच ती ताईंच्या कानाशी कुजबुजली, "मी सांगायचा प्रयत्न केला. त्यांना पटतच नाहीये. सरकारच्या कागदात आहे म्हणजे आहेच, म्हणतात."

म्हातारी ताठ होती. धुतलेली साडी, विंचरलेले केस, कुणाच्या घरी जायचं असावं तशी तयार होऊन आलेली. ताईंनी तिला खुर्ची दिली आणि नकाशा हाती कसा राहिला नाही ते सगळं सांगितलं. आपली चूक होती हेही सांगितलं. म्हातारीनं शांतपणे ऐकलं.

"बरं. पण आहे ते तरी दाखवा."

ताईंनी तो चौकोन पडद्यावर आणला आणि मोठा केला. आणखी मोठा केला. म्हातारी पुढे झुकली, नाक काचेला लागेल इतकी, आणि पट्टीवरून बोट फिरवत एकेक अक्षर लावू लागली.

"घडी... उलगडू... नये." तिनं मान वळवली. "अक्षर सुरेख आहे. कुणाचं?"

"माझं," ताई म्हणाल्या.

"मग तुम्हीच उलगडा की, बाई," म्हातारी म्हणाली आणि हात मांडीवर ठेवून वाट पाहत बसली.