क्रीमरी टेकडीची पाहणी

टाऊनशिपच्या, म्हणजे आमच्या गावकारभाराच्या, वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: "क्रीमरी टेकडी, रस्ता ठीक." लागोपाठ दोन हिवाळे. लिहिणारी मी, आर्डिस ट्वेट, चिटणीस. कारभारी मंडळात मला मत द्यायचा हक्क नाही. खोटं लिहायचा होता, तो मी बजावला.

ठरवून नव्हे. माझा भाऊ ऑरिन त्या टेकडीच्या माथ्यावर राहतो. अर्धांगानं त्याची उजवी बाजू गेली, तेव्हापासून मी रोज संध्याकाळी वर जाते. माझ्या पिकअपला ते गोल बटण आहे: दोन चाकं, ऑटो, चार चाकं. नोव्हेंबरात मी ते ऑटोवर फिरवते आणि एप्रिलपर्यंत त्याला हात लावत नाही. मागची चाकं घसरली की गाडी आपणहून पुढच्या चाकांना जोर देते. आत बसलेल्या बाईला काही कळत नाही. कळलं नाही, म्हणून मी लिहिलं, ठीक. आणि मी ठीक लिहिलं म्हणून मंडळानं टेकडी, बर्फावर वाळू टाकायच्या रस्त्यांच्या यादीतून काढली.

सकाळी ऑरिनकडे जोलीन येते. त्याला उठवते, आंघोळ घालते, औषधं देते. तिची गाडी लहान आणि जुनी. गेल्या हिवाळ्यात ती म्हणाली होती, "आर्डिस, तुमच्या टेकडीवर बर्फाची नुसती काच आहे काच." मी म्हणाले, "मी रोज जाते गं. जरा गाडी चालवायला शीक."

गेल्या मंगळवारी जोलीन गाडीसकट रस्त्याकडेच्या चरात गेली. हाडं शाबूत राहिली, आरसा तुटला. तिच्या संस्थेचं पत्र आलं: टेकडीवर सकाळी आठच्या आत वाळू पडणार नसेल तर आम्ही माणूस पाठवणार नाही. म्हणजे ऑरिनची कायमची रवानगी शहरातल्या शुश्रूषागृहात. त्याला पत्र वाचून दाखवलं. बराच वेळ त्यानं शब्द जुळवले. मग म्हणाला, "तिथल्या खिडकीतून... गाड्या लावायची जागा दिसते. बस्स."

चार दिवसांनी पाहणी होती. दर वर्षी पहिला बर्फ पडला की मंडळाचे तिन्ही सभासद आणि मी एका गाडीत बसतो आणि टाऊनशिपचा प्रत्येक रस्ता फिरतो. कुठं वाळू टाकायची ते जागेवरच ठरतं. पूर्वी आम्ही म्हाताऱ्या हॉल्वरच्या पिकअपमधून जायचो. तिला मागची दोनच चाकं ओढायची, वजनाला मागं वाळूची पोती टाकलेली. ती जिथं ढुंगण हलवायची, तिथं मी "वाळू" लिहायचे. हॉल्वर गेला. अध्यक्ष व्हर्लिननं नवी पिकअप घेतली, ऑटोची, गरम होणाऱ्या सीटची. तेव्हापासून यादी दर वर्षी आखूड होत चाललीय. रस्ते सुधारले नाहीत. आमची बुडं गरम झाली.

मी पुढे बसले. चिटणीस पुढे बसते, लिहायला उजेड लागतो. मागं मायरन आणि लाइल, उरलेले दोन सभासद. मायरनचं तोंड बंद होत नाही, लाइलचं उघडत नाही.

"आज आर्डिस फार गप्प आहे," मायरन म्हणाला. "काहीतरी शिजतंय."

"शिजतंय काय, मला माहितेय," व्हर्लिन म्हणाला. "क्रीमरी टेकडी. हे बघ आर्डिस, ऑरिन माझाही मित्र आहे. पण एका घरासाठी वाळूचा ट्रक सगळ्यात आधी वर पाठवायचा? आता ज्याच्या-त्याच्याकडे फोर-व्हील आहे."

"जोलीनकडे नाही."

"मग तिनं घ्यावी."

"तू तिला काय पगार मिळतो ते विचारलंयस?"

"भांडा, भांडा," मायरन म्हणाला. "रेडिओ तरी लावायला नको."

टेकडीला लागलो. व्हर्लिन मजेत, एका हातानं चालवत होता. त्याच्या गाडीला एक पडदा आहे, कुठल्या चाकाला किती जोर जातोय ते दाखवणारा. पायथ्याशी मागच्या दोन चाकांपाशीच पट्ट्या होत्या. अर्ध्यावर पुढच्या दोन्ही चाकांपाशी पट्ट्या झरझर वर गेल्या. गाडी तसूभर घसरली नाही.

"बघितलंस?" मी पडद्यावर बोट ठेवलं. "गाडीला कळलं. आपल्याला कळलं नाही."

"कळायचंच नाही! त्याचेच तर पैसे दिलेत मी." तो हसला. "लिही, रस्ता ठीक."

मी लिहिलं नाही. ऑरिनच्या अंगणात व्हर्लिननं गाडी वळवली. खिडकीत ऑरिन खुर्चीत बसला होता. त्यानं डावा हात वर केला.

"उतरताना मधल्या टपालपेटीपाशी थांब," मी म्हणाले.

"कशाला?"

"जोलीनला तिथं थांबता आलं नव्हतं. तू थांबून दाखव. थांबलास तर मी आत्ता 'ठीक' लिहिते, आणि पुन्हा या टेकडीचं नाव काढत नाही."

मी ऑरिनचं घर पणाला लावलं होतं. पण मला एवढं कळलं होतं की चढताना चार चाकं ओढतात, थांबताना कुठलंच चाक ओढत नाही. बर्फावर सगळे सारखेच.

"बस्स, एवढंच?" व्हर्लिन म्हणाला आणि निघाला. चढताना ज्या वेगानं आला होता, त्याच वेगानं. चढताना गाडी घसरली असती तर त्याचा पाय आपोआप आखडला असता. तो काही वाईट चालवणारा नाही. चाळीस वर्षं लाकडाचे ट्रक उतरवलेत त्यानं.

टपालपेटीच्या बऱ्याच अलीकडे त्यानं ब्रेक दाबला. पायाखाली खडखड खडखड झालं. गाडी चाललीच होती. "अरे... अरे..." मायरन म्हणाला. पेटी माझ्या खिडकीवरून सावकाश मागं गेली. इतकी सावकाश, की तिच्यावरचं ऑरिनचं नाव मला वाचता आलं. मग पुढचा भाग वाकडा झाला आणि आम्ही चरात टेकलो, जोलीनच्या तुटलेल्या आरशाच्या तुकड्यांपासून हातभर लांब.

व्हर्लिन म्हणाला, "टायर नवीन आहेत माझे."

"हो," मी म्हणाले. "तिचे जुने होते."

ट्रॅक्टर बोलवायला ऑरिनच्या फोनपर्यंत चालत जायचं होतं. खाली मोबाइल लागत नाही. त्या रस्त्यावरून मी दोन वर्षांत पहिल्यांदा पायी गेले. उभंच राहता येईना. एकमेकांच्या बाह्या धरून, कडेच्या वाळक्या गवतावर पाय रोवत आम्ही चौघं साठीच्या आसपासची माणसं वर चढलो. मायरन दोनदा पडला. शेवटी हातापायांवर आला आणि म्हणाला, "घ्या, माझंही ऑटो लागलं."

व्हर्लिन हसला नाही. त्यानं माझी बाही सोडलीही नाही.

ऑरिननं सगळं खिडकीतून पाहिलं होतं. तोंडाच्या अर्ध्या बाजूनं तो हसत होता. "कॉफी... तुम्हीच करा," म्हणाला. मायरननं केली.

पाहणीची जाहीर सूचना आधी लावलेली असते, म्हणजे ती मंडळाची सभाच; म्हणून ठराव कुठंही करता येतो. लाइल कप खाली ठेवून बोलला. त्या दिवसातलं त्याचं पहिलंच वाक्य.

"माझ्या बायकोची गाडी पण साधीच आहे. मी तिला भित्री म्हणतो." त्यानं माझ्या वहीकडे बोट केलं. "वाळू. सकाळी आठच्या आत. मी मांडतो."

"माझा पाठिंबा," मायरन म्हणाला.

व्हर्लिन मोजे शेकोटीपाशी धरून बसला होता. "माझंही मत लिही. पण भावासाठी म्हणून नाही लिहायचं."

"टेकडीसाठी लिहिते," मी म्हणाले. आणि खाली, कुणी सांगितलं नसताना, आणखी एक ओळ लिहिली: गेल्या दोन वर्षांच्या नोंदी चुकीच्या आहेत, चूक चिटणिसाची. मोठ्यानं वाचून दाखवली. व्हर्लिन म्हणाला, "एकटीचीच कशी? त्या गाडीत आम्ही पण होतो." मी "आणि मंडळाची" असं जोडलं.

सोमवारी पावणेआठला वाळूचा ट्रक गेला. साडेआठला जोलीन आली, आरशाच्या जागी चिकटपट्टी. मी दारातच उभी होते.

"मी तुला जे बोलले होते..."

"गाडी चालवायला शीक," तिनं वाक्य पुरं केलं. "आठवतंय मला." तिनं बुटांची वाळू झटकली. माफ केलं असं म्हणाली नाही, आणि मी विचारलंही नाही. "ऑरिन उठलाय का?"

"उठलाय. तुझीच वाट बघतोय."

ती आत जाता जाता वळली. "पुढच्या वर्षीची पाहणी माझ्या गाडीतून करा. चौघं मावाल दाटीवाटीनं. सीट गार असते, आधीच सांगते."

पाहणी कुठल्या गाडीतून करायची, याचा नियम वहीत कुठंच नाही. मी शोधून बघितला. तो नाही म्हटल्यावर चिटणिसानं लिहून टाकला: पाहणी जोलीनच्या गाडीतून.